नाकाला काम हवं

कुत्रा कुठला घ्यावा, हा प्रश्न कवीला विचारण्याची वेळ खरं तर कुणावर येऊ नये. पण माझ्या भाच्यावर ती आली. तो इटलीत बोलोन्याला नोकरी करतो. २०१८ साली त्याचा फोन आला, "मामू, मुलगी कुत्र्यासाठी हट्ट धरून बसलीय. एक जात पाहिलीय. अंगभर कुरळे केस, अगदी टेडी बेअर. शिवाय केस गळत नाहीत म्हणतात."

मी काय सांगणार? आमच्या घरी कुत्रा अंगणाच्या आत कधी आला नाही. दादी म्हणायची, राखणीचा, शिकारीचा, मेंढरामागचा कुत्रा ठेवावा. नुसता कुरवाळायला ठेवू नये. ते तिचं धर्माचं बोलणं होतं. त्यात कुत्र्याच्या भल्याचाही विचार आहे, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मी "घे बाबा, पोर खूश होईल" एवढंच म्हटलं.

पिल्लू घरी आलं आणि वर्षभरात भाच्याचा सूर बदलला. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. कुत्र्याने गॅलरीतल्या सगळ्या कुंड्या उकरल्या, सोफा फाडून आतला फोम बाहेर काढला, बागेत नेला की जमिनीला नाक लावून खड्डे पाडायचा. "कुणाला तरी देऊन टाकतो," भाचा म्हणाला. मुलगी रडून रडून बेजार. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये मी तिकडे गेलो, तेव्हा घरात हाच विषय चालू होता.

या जातीचं नाव लागोत्तो रोमान्योलो. रोमान्या हा इटलीच्या ईशान्येकडचा, रावेन्नाच्या आसपासचा मुलूख. कोमाक्योपासून रावेन्नापर्यंत पूर्वी अफाट दलदल होती. तिथले लोक सपाट बुडाच्या नावेतून पाणपक्ष्यांची शिकार करत आणि मारलेला पक्षी पाण्यातून उचलून आणायला हे कुत्रे ठेवत. त्यात चांदव्याची शिकार मोठी. चांदवा म्हणजे आपल्याकडे तळ्यांवर दिसणारा, कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पक्षी. काही लोक त्याला वारकरीही म्हणतात. गोठवणाऱ्या पाण्यात तासन् तास पोहायचं, तर अंगावर लोकरीसारखा, पाणी आत शिरू न देणारा कोट हवा. भाच्याच्या मुलीला आवडलेले कुरळे केस आले ते असे, कामातून.

पुढे ही दलदल टप्प्याटप्प्याने उपसून तिची शेतजमीन झाली. पाणी गेलं, पक्षी गेले, कुत्र्याचं काम गेलं. गिरणी बंद पडल्यावर माणसाचं होतं तेच कुत्र्याचंही व्हायचं. पण याच्याजवळ नाक होतं. जवळच्या टेकड्यांत ट्रफल मिळतात. ट्रफल म्हणजे ओक, हेझल, पॉप्लर अशा झाडांच्या मुळांशी जमिनीखाली वाढणारी, दिसायला ओबडधोबड बटाट्यासारखी अळंबी. पांढऱ्या ट्रफलला किलोमागे हजारो युरो मोजावे लागतात. जमिनीखाली असल्यामुळे हिची बीजं वाऱ्यावर उडू शकत नाहीत. म्हणून पिकली की ती वास सोडते; जनावराने उकरावं, खावं आणि बीजं दूर न्यावीत, अशी निसर्गाची योजना. तो वास मातीखालून आपल्या नाकाला येत नाही. कुत्र्याला येतो.

ट्रफल शोधायला पूर्वी डुकरंही नेत. पण डुक्कर सापडलेला माल स्वतःच खातं आणि मुळंही उखडतं. इटलीच्या १९८५च्या कायद्याने शोध फक्त शिकवलेल्या कुत्र्याच्या मदतीने घ्यायचा, असं ठरवलं. या कायद्यातलं एक कलम मला फार आवडलं. माणसाने जमीन खणायची ती कुत्र्याने जिथे उकरायला सुरुवात केली तिथेच, आणि खड्डा पुन्हा बुजवायचा. माणसाच्या कुदळीच्या आधी कुत्र्याचा पंजा, असं कायद्यानेच म्हटलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

जात मात्र मध्यंतरी सरमिसळ होऊन हरवत चालली होती. १९७०च्या दशकात रोमान्यातल्या काही हौशी लोकांनी तिला सावरलं, १९८८ साली तिचा क्लब निघाला आणि २००५मध्ये आंतरराष्ट्रीय श्वानसंघाची कायम मान्यता मिळाली.

भाच्याच्या शेजारणीचे वडील दोवादोलाच्या टेकड्यांत ट्रफल शोधतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांच्याकडे आम्ही कुत्रा घेऊन गेलो. त्यांनी सोफ्याची कहाणी ऐकून घेतली, कुत्र्याचं थोबाड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाले, "याला काही झालेलं नाही. हा बेकार आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही जंगलात गेलो. पुढे त्यांची कुत्री, मागे आमचं बेकार पोरगं. वाटेत ससा उठला. कुत्रीने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा नाक जमिनीला लावलं. शिकारीची ओढ या जातीत पिढ्यान् पिढ्या कमी करत आणलीय, म्हणून तिचं लक्ष फुटत नाही. एका झाडाखाली ती थांबली, दोनदा पंजा मारला आणि मालकाकडे पाहिलं. म्हाताऱ्याने गुडघे टेकले, मूठभर माती नाकाशी नेऊन हुंगली, मग हळूच खणलं. लिंबाएवढी ट्रफल निघाली. कुत्रीला पावाचा तुकडा मिळाला. इतक्या महाग वस्तूची मजुरी पावाचा तुकडा! पण तिची तक्रार नव्हती.

या कुत्रीच्या तोंडाला जाळी होती. मी कारण विचारलं, तर म्हातारा गप्प झाला. मग भाच्याने भाषांतर करून सांगितलं. याआधीची कुत्री विष घातलेला मांसाचा गोळा खाऊन मेली. दुसऱ्याने आपल्या जागेवर येऊ नये म्हणून काही शोधणारे जंगलात असे गोळे टाकून ठेवतात, आणि असे प्रकार तिकडे वरचेवर होतात. विष हुंगून काढायला पोलिसांनी वेगळे कुत्रे तयार केलेत.

आता ज्यांना खरंच ही जात घ्यायची आहे, त्यांच्यासाठी म्हाताऱ्याने सांगितलेलं आणि मी नंतर वाचून पडताळलेलं सांगतो. पिल्लू पाहण्याआधी आई-बाप पाहा, जमलं तर काम करताना पाहा. नर ४३ ते ४८ सेंटिमीटर उंच आणि १३ ते १६ किलो वजनाचा असतो. मादी थोडी लहान. या जातीत पिल्लांना अपस्माराचे झटके येण्याचा एक आनुवंशिक विकार आहे. पाच ते नऊ आठवड्यांच्या वयात सुरू होऊन तो बहुधा चार महिन्यांपर्यंत आपोआप थांबतो. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी करणारा दुसरा विकार मात्र जीवघेणा. दोन्हींसाठी जनुकांची तपासणी होते. आई-बापांचे ते कागद आणि खुब्याचे एक्स-रे विक्रेत्याने न कुरकुरता दाखवले पाहिजेत. कुरकुरला तर उठून यावं.

केसांबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण फसगत तिथेच होते. केस गळत नाहीत याचा अर्थ काम नाही, असा नव्हे. सुटलेला केस खाली न पडता कुरळ्यांतच अडकतो आणि त्याचा नमदा होतो. नमद्याखाली ओल राहते, कातडी कुजते. वर्षातून निदान एकदा सगळा कोट कापायलाच हवा. घरात ठेवायचा तर त्याहून अधिक वेळा. कापण्याआधी विंचरायचं. केस सरळ करून फुगवायची हौस करू नये, त्याने कुरळेपणाच जातो. लोंबत्या कानांच्या आत केस वाढतात, हवा खेळत नाही. ते काढून कान कोरडे ठेवावेत. आणि ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी जाहिरातीवर जाऊ नये. ॲलर्जी करणारे घटक कुत्र्याच्या लाळेत आणि कोंड्यातही असतात. आधी अशा कुत्र्यासोबत चार-सहा तास बसून पाहावं.

पुण्याच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला नुकतंच विचारलं, आपल्याकडे हा कुत्रा आणावा का? मी त्यांना एप्रिल-मे महिन्यांची आठवण करून दिली. नाकाचे खेळच खेळायचे, तर आपलं गावठी कुत्रंही ते आनंदाने खेळतं.

भाच्याने कुत्रा दिला नाही. म्हाताऱ्याने त्याला एक भोकाभोकांची डबी दिली. तीत ट्रफलचा तुकडा घालायचा, डबी आधी गवतात लपवायची, मग पालापाचोळ्याखाली, मग मातीत. सापडली की लगेच बक्षीस, तेही दर वेळी. रोज वीस मिनिटं. महिन्याभरात कुंड्या वाचल्या. मुलगी आता कॉलेजात शिकायला दुसऱ्या गावी असते, म्हणून डबी भाचाच पुरतो. गेल्या आठवड्यात फोनवर बोलता बोलता मागून भुंकणं ऐकू आलं. "ठेवतो मामू," तो म्हणाला, "सापडली त्याला. पाव द्यायचाय."