भुईलगतचा फ्लॉक्स : आधी ओळख, मग लागवड

जपानमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी वसंतात गुलाबी फुलांचा गालिचा पसरतो. त्याची छायाचित्रे पाहून अनेक घरांत तसाच फ्लॉक्स लावण्याची हौस निर्माण होते. परंतु तो फ्लॉक्स म्हणजे ‘फ्लॉक्स सुब्युलाटा’. मूळचा उत्तर अमेरिकेचा, बहुवर्षायू आणि थंडीला सरावलेला. उल्हास नदीकाठच्या जांभूळसारख्या गावातील दमट उन्हाळा व मुसळधार पाऊस त्याला मानवत नाही. मुळांशी पाणी साचले की तो कुजतो. वनस्पतिकायातील एकेंद्रिय जीवही जपावा असे मानणाऱ्या श्रावकाने म्हणूनच रोप घेण्यापूर्वी त्याची ओळख पटवावी. जे येथे जगणार नाही, ते आणूच नये.

ओळख पानांवरून सहज पटते. सुब्युलाटाची पाने सुईसारखी बारीक व ताठर असतात आणि रोप जमिनीला चिकटून पसरते. आपल्याकडे हिवाळ्यात फुलतो तो ‘फ्लॉक्स ड्रमंडाय’ हा हंगामी प्रकार. त्याची पाने रुंद व मऊ, खोडावर किंचित चिकट लव. खालची पाने समोरासमोर, तर वरची बहुधा एकाआड एक येतात. पाच पाकळ्या तळाशी जुळून अरुंद नळी होते. व्हर्बिनाची फुले दुरून अशीच भासतात, पण त्याच्या पानांच्या कडा दातेरी असतात. ड्रमंडायचे ठेंगणे वाण साधारण १५ ते २० सेंटिमीटर वाढतात. ‘ट्विंकल’ वाणाची फुले टोकदार पाकळ्यांमुळे चांदणीसारखी दिसतात. स्कॉटलंडचे वनस्पतिसंग्राहक थॉमस ड्रमंड यांनी टेक्सासमधून या फुलाचे बी पाठवले. १८३५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव या फुलाने जपले.

लागवडीचा काळही श्रावकाच्या आचाराशी जुळणारा आहे. चातुर्मासात जमीन ओली आणि सूक्ष्म जीवांनी गजबजलेली असते, तेव्हा खणणे टाळले जाते. कार्तिकी पौर्णिमेनंतर माती वाफशावर आली की बी पेरावे. दोन भाग पोयटा माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू हे मिश्रण पुरेसे. बी मातीच्या पातळ थराने झाकावे, कारण त्याला उगवण्यास अंधार लागतो. दहा ते पंधरा दिवसांत अंकुर दिसतात. चार-सहा पाने आल्यावर मुळे न दुखावता रोपे २० सेंटिमीटर अंतरावर लावावीत. बहर साधारणतः जानेवारीअखेरीपासून सुरू होतो आणि ऊन तापेपर्यंत टिकतो.

दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवे. गाळलेले पाणी सकाळी, मुळाशी आणि माती वरून सुकल्यावरच द्यावे. जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून आसपासच्या शहरांची तहान भागते. तेथील पाण्याचा थेंबही जपूनच वापरावा. रोपे दाटीने लावली तर भुरी रोग येतो. योग्य अंतर आणि खेळती हवा असेल, तर बहुधा फवारणीची वेळच येत नाही. यतना म्हणतात ती हीच : उपाय करण्याची गरज पडू नये, अशी आधीच घेतलेली काळजी.

सुकलेली फुले काढत राहिल्यास बहर लांबतो. हंगामाच्या शेवटी मात्र काही फुले तशीच ठेवावीत. बोंडे पिवळसर होताच अलगद काढून कागदी पिशवीत वाळवावीत, कारण पूर्ण वाळली की ती तडकून बी दूरवर उडते. जपलेले बी पुढील कार्तिकात पुन्हा कामी येते आणि शेजाऱ्यांनाही देता येते.