टेकडीसाठी सायकल, सायकलीसाठी मोटार?

पुणे, प्रतिनिधी

रविवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास चांदणी चौकात थोडा वेळ उभे राहिले, की डोंगरावर सायकल चालवणाऱ्यांच्या दोन जाती सहज ओळखता येतात. एक गट जाड टायरांची सायकल दामटत, पाठीवरच्या पिशवीत पाणी आणि पंक्चरचे सामान घेऊन मुळशीच्या दिशेने निघालेला असतो. दुसऱ्या गटाच्या सायकली मोटारीच्या टपावर किंवा मागच्या रॅकवर बांधलेल्या असतात आणि स्वार आत बसून थर्मासमधला चहा पीत असतात. दोघांनाही जायचे असते ते त्याच डोंगरात. पहिल्या गटातल्या अनेकांच्या मनात मात्र, दुसऱ्या गटाची मोटार पुढे निघून गेली की एकच प्रश्न येतो : आपणही एक गाडी घेऊन टाकावी का?

प्रश्न वरवर साधा वाटतो. पण तीस-पस्तिशीतल्या, घराचे हप्ते फेडणाऱ्या नोकरदाराच्या दृष्टीने तो सात-आठ लाख रुपयांचा प्रश्न आहे. त्यामुळे त्याचे उत्तर उत्साहाच्या भरात न देता कागद-पेन्सिल घेऊन द्यावे, हे उत्तम.

जन्मापासूनची जोडी

डोंगरातली सायकल आणि मोटार यांचे नाते मुळात नवे नाही. या छंदाचा उगम अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माउंट तामाल्पाइस या डोंगराच्या परिसरात, १९७०च्या दशकात झाला. तिथले तरुण जाड टायरांच्या जुन्या, अवजड सायकली ट्रकमध्ये टाकून वर नेत आणि मातीच्या रस्त्याने सुसाट खाली येत. १९७६ मध्ये तिथे सुरू झालेल्या शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ होते. एका उतारात मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, त्यावरून हे नाव पडले. त्या सायकलींना गिअर नव्हते, त्यामुळे वर जायला वाहन लागणे साहजिकच होते.

आजच्या सायकलीची गोष्ट वेगळी आहे. तिला चढासाठी हलके गिअर असतात, पुढे शॉकॲब्सॉर्बर असतो आणि डिस्क ब्रेक भरवशाचे असतात. म्हणजे डोंगर चढण्यासाठी मोटारीची गरज उरलेली नाही. गरज उरली आहे ती घरापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंतच्या डांबरी अंतरासाठी. हा फरक लक्षात घेतला, तर निम्मे उत्तर हाती लागते.

अंतर किती, हा पहिला प्रश्न

पुणेकर याबाबतीत भाग्यवान आहेत. वेताळ टेकडी शहराच्या मधोमध आहे. कोथरूड, पाषाण, औंध, बावधन या भागांतून तिथे पोहोचायला सायकलीने अर्धा तासही लागत नाही. अर्थात सकाळी फिरायला येणाऱ्यांचा तिथे पहिला हक्क आहे, याचे भान ठेवायला हवे. एनडीए आणि खडकवासल्याचा परिसरही सायकलीच्या टप्प्यात येतो. इथे जायला मोटार काढणे म्हणजे शेजारच्या गल्लीत जायला रिक्षा करण्यासारखे आहे.

खरा पेच वीस ते साठ किलोमीटरच्या पट्ट्यात आहे. सिंहगड शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. पानशेत आणि मुळशी आणखी पुढे, तर ताम्हिणी घाट त्याहून लांब. गुठळ्यांच्या जाड टायरांची तेरा-चौदा किलोची सायकल डांबरावर रस्त्याच्या सायकलीसारखी पळत नाही. ताशी पंधरा-अठरा किलोमीटरच्या वेगाने तीस किलोमीटरला पावणेदोन ते दोन तास लागतात. टायरांच्या गुठळ्या डांबरावर झिजतात, हा खर्च वेगळा.

तरीही जाताना फारसा प्रश्न नसतो. पहाटेची हवा असते, रस्ता मोकळा असतो. प्रश्न असतो तो परतीचा. डोंगरात तीन तास घालवल्यावर पाय बोलू लागलेले असतात, ऊन चढलेले असते आणि त्याच वेळी सिंहगड रस्ता किंवा पौड रस्ता सहलीच्या वाहनांनी गच्च भरलेला असतो. थकलेल्या स्वाराने ट्रक आणि बसच्या कडेकडेने वीस-तीस किलोमीटर परत येणे हा या छंदातला सर्वांत धोक्याचा भाग म्हणता येईल. दगड-गोट्यांच्या उतारापेक्षाही हा धोका मोठा, कारण तो आपल्या हातात नसतो. मोटारीच्या बाजूने जर एखादा खरोखर वजनदार मुद्दा असेल, तर तो हाच आहे. थकवा मात्र मोटार चालवणाऱ्यालाही सोडत नाही. पहाटे चारला उठलेल्या माणसाने दुपारी जेवून स्टिअरिंगवर बसणे हीदेखील सुरक्षित गोष्ट नव्हे.

साठ किलोमीटरच्या पुढे, म्हणजे महाबळेश्वर किंवा भंडारदऱ्याकडे एका दिवसासाठी जायचे तर वाहन लागणारच. वाहन लागणार याचा अर्थ ते स्वतःच्या मालकीचे हवे असा मात्र होत नाही. इथूनच हिशेब सुरू होतो.

हिशेब काय सांगतो?

समजा, रस्त्यावर येईपर्यंत आठ लाख रुपये पडणारी लहान पेट्रोल मोटार घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने किमती उतरल्या आहेत. पण नोंदणीच्या वेळचा एकरकमी रस्ता कर आणि विमा धरला, की दुकानात सांगितलेली किंमत आणि प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम यांत आजही बरेच अंतर पडते.

दोन लाख रोख आणि सहा लाखांचे कर्ज, व्याज ९ टक्के, मुदत पाच वर्षे असे धरू. मासिक हप्ता सुमारे १२,४५० रुपये येतो. पाच वर्षांत निव्वळ व्याज सुमारे १,४७,००० रुपये, म्हणजे वर्षाला साधारण २९,५०० रुपये. पाच वर्षांनी गाडी निम्म्या किमतीला विकली गेली असे मानले, तर किमतीतली घट वर्षाला ८०,००० रुपये. विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून वर्षाला ४०,००० रुपये धरले. एकूण बेरीज जवळजवळ दीड लाख रुपये. ही रक्कम मोटार सोसायटीच्या आवारात नुसती उभी राहिली तरी जाणार आहे.

आता एका फेरीचे अंतर जाऊन-येऊन शंभर किलोमीटर आणि घाटरस्ता धरून लीटरला पंधरा किलोमीटर असे मानू. राज्यात पेट्रोल २०२१ पासून लीटरला शंभर रुपयांच्या वरच आहे. म्हणजे फेरीमागे सुमारे ७०० रुपयांचे पेट्रोल. महिन्यातून दोनदा जाणाऱ्याच्या वर्षाला चोवीस फेऱ्या होतात. त्याला एक फेरी जवळजवळ सात हजार रुपयांना पडते! वर्षातला एकही रविवार न चुकवणाऱ्यालाही ती साडेतीन हजारांच्या पुढेच जाते.

याउलट, स्वतः चालवायची भाड्याची मोटार दिवसाला अडीच हजार रुपयांना मिळते असे धरले, तर पेट्रोलसह फेरी ३,२०० रुपयांना पडेल. मोटार विकत घेण्याचा दीड लाखाचा स्थिर खर्च या भाड्याने भागला, तर उत्तर येते साठ. म्हणजे वर्षाला साठ फेऱ्या झाल्या तरच मालकी आणि भाडे यांची बरोबरी होते. वर्षात रविवार असतात बावन्न. त्यातही जुलै-ऑगस्टच्या धुवांधार पावसात मातीच्या वाटा चालवण्याजोग्या नसतात. ओल्या वाटेवर चाके रुतून चर पडतात आणि वाट कायमची खराब होते, म्हणून जाणते सायकलस्वार त्या दिवसांत तिथे जातही नाहीत. लग्नकार्ये, आजारपण, कार्यालयाची कामे वजा केली तर हाती पस्तीस-चाळीस रविवार राहतात.

वरील आकडे प्रत्येकाने आपापल्या परिस्थितीनुसार बदलून पाहावेत. जुनी मोटार घेतली तर घट कमी होते, दुरुस्ती वाढते. पण केवळ छंदासाठी मोटार घेतली तर ती आर्थिकदृष्ट्या परवडत नाही, या निष्कर्षात सहसा फरक पडत नाही.

घरात मोटार आधीपासून असेल तर?

इथे मात्र गणित उलटते. आई-वडिलांना दवाखान्यात नेण्यासाठी, गावी जाण्यासाठी घरात मोटार आहेच, तर दीड लाखाचा भार छंदावर टाकण्याचे कारण नाही. मग फेरीचा खर्च उरतो तो पेट्रोल, पथकर आणि थोडीफार झीज एवढाच. साधारण हजार रुपयांत काम भागते. फक्त एक खर्च या कागदावर उमटत नाही. मोटार पहाटे पाचला डोंगराकडे गेली की ती दुपारी एक-दोनला परत येते, आणि घरातील इतरांचाही तोच सुटीचा दिवस असतो. ज्या घरात रविवारची मोटार कोणाची यावरून कुरबुर होते, तिथे हजार रुपयांची फेरीही महाग पडू शकते.

सायकल बसते का, हेही पाहा

मोटार घेताना डिकी बघितली जाते, सायकल घेऊन जाऊन मोजली जात नाही. डोंगरातल्या सायकलीची लांबी पावणेदोन मीटरच्या पुढे जाते. लहान मोटारीची रुंदी बहुधा त्याहून थोडी कमी असते. त्यामुळे मागच्या रॅकवर सायकल आडवी बांधली की चाके दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावतात. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर, मर्यादेबाहेर आलेल्या भारासाठी २० हजार रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. मागचे दिवे आणि क्रमांकाची पाटी झाकली जाणेही नियमात बसत नाही. उपाय सोपा आहे : पुढचे चाक काढून आत ठेवावे आणि दिवे-पाटी दिसतात याची खात्री करावी.

टपावरच्या रॅकला ही अडचण नाही. मात्र सायकल वर आहे हे विसरून तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरणे महागात पडते. दोन्ही चाके काढून, मागचे आसन पाडले तर एक सायकल लहान मोटारीतही मावते. सीएनजीवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत टाकी डिकीची जागा खाते, हे आधी लक्षात घ्यावे. चाक काढलेल्या अवस्थेत हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचा दांडा दाबू नये. ब्रेकचे पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. पुठ्ठ्याचा एक तुकडा मध्ये सरकवून ठेवला की झाले.

मधले मार्ग

मालकी आणि पायपीट यांच्यामध्ये बरेच पर्याय आहेत. सहा-सात जणांचा गट असेल तर सायकलींसाठी ‘छोटा हत्ती’ ठरवता येतो. भाडे वाटून घेतले की माणशी खर्च काही शे रुपयांवर येतो. मालवाहू टेम्पोत माणसे बसवणे कायद्यात बसत नाही, म्हणून स्वारांनी स्वतंत्रपणे जावे. मळवली, कामशेतकडे जायचे असेल तर पुणे-लोणावळा लोकल आहेच. लोहगड-विसापूरचा पायथा मळवलीपासून जवळ आहे. लोकलमधून सायकल न्यायची असेल, तर सामानाचे तिकीट आणि डबा याविषयी स्थानकावर आधी चौकशी करावी. पावसाळ्यातल्या रविवारी मात्र त्या गर्दीत सायकल घेऊन शिरण्याचा विचारही करू नये.

पुणे मेट्रोने २०२२ मध्ये सेवा सुरू झाल्यापासून डब्यात सायकल नेऊ दिली. रामवाडीकडच्या स्वाराला पहिल्या गाडीने वनाजला उतरता आले, तर शहर ओलांडण्याचा त्रास वाचतो आणि डोंगर एकदम दहा-बारा किलोमीटरने जवळ येतो. चौथा मार्ग सर्वांत जुना आहे : मित्राच्या मोटारीत बसायचे आणि पेट्रोलचे पैसे न विसरता द्यायचे.

शेवटचा मुद्दा

हिशेबापलीकडचीही एक बाजू आहे. मोटार आली की माणूस ‘मोठ्या’ फेरीची वाट पाहू लागतो आणि बुधवारी पहाटे तासभर टेकडीवर जाऊन येणे मागे पडते. सायकलीवरचा हात मात्र बसतो तो आठवड्यातल्या या छोट्या फेऱ्यांनीच. शिवाय प्रत्येक नवी मोटार रस्ता मागते. बालभारती ते पौड फाटा हा प्रस्तावित रस्ता वेताळ टेकडीवरून नेण्यावरून या शहराने वर्षानुवर्षे वाद घातला आहे. टेकडीवर जाण्यासाठी घेतलेली मोटारच उद्या टेकडीतून वाट मागणार असेल, तर तो व्यवहार कोणत्या वहीत मांडायचा?

प्रस्तुत प्रतिनिधीने हा हिशेब प्रथम मांडला तो वाचकांसाठी नव्हे, स्वतःसाठी. मोटारीच्या दुकानातून आणलेले दरपत्रक त्या वेळी टेबलावरच होते. साठ फेऱ्यांचे उत्तर आल्यावर मागील वर्षाची दैनंदिनी उघडून प्रत्यक्ष फेऱ्या मोजल्या. शंभर किलोमीटरच्या फेऱ्या भरल्या अकरा. टेकडीच्या फेऱ्या सत्तरच्या वर होत्या, आणि त्यांपैकी एकीलाही पेट्रोल लागले नव्हते. मोटार घरच्या गरजेसाठी पुढेमागे घ्यावी लागेलही. तेव्हा ती त्या कारणासाठी घेतली जाईल आणि सायकल तिच्यात पाहुणी म्हणून बसेल.

ज्यांच्या मनात हा प्रश्न घोळत असेल, त्यांनीही दुकानात जाण्यापूर्वी गेल्या वर्षातील आपल्या फेऱ्या मोजाव्यात. ठरवलेल्या नव्हे, झालेल्या.