सुखाची सवय

पगार वाढला, नवे घर झाले, तरी काही महिन्यांत मन पुढचे मागू लागते. याला सरसकट हाव म्हटले जाते. पण यात मोठा वाटा सुखानुकूलनाचा (बदललेल्या परिस्थितीची सवय होऊन सुखदुःखाची तीव्रता ओसरणे) असतो. स्वयंपाकघरात शिरताच जाणवणारा हिंगाच्या फोडणीचा वास थोड्या वेळाने जाणवेनासा होतो. वास असतोच, नाक सरावलेले असते. १९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या २२ लॉटरी विजेत्यांची पाहणी केली. ते इतरांपेक्षा फारसे सुखी नव्हते. उलट मित्राशी गप्पा, न्याहारी अशा साध्या गोष्टींत त्यांना कमी आनंद वाटत होता.

म्हणून पैसा निरर्थक किंवा इच्छाच मारून टाकाव्यात, असे मात्र ठरत नाही. ही पाहणी छोटी होती, आणि सवय सगळ्याच गोष्टींची सारखी होत नाही. जर्मनीतील दीर्घकालीन पाहणीत नोकरी गेलेल्यांचे समाधान, पुन्हा काम मिळाल्यावरही, सरासरीने पूर्वपदावर आले नाही. पोटापाण्याची शाश्वती खरोखरच मोलाची आहे. चूक इच्छा धरण्यात नाही. एक इच्छा पुरी झाली की कायमचे सुखी होऊ, या अपेक्षेत आहे. टिकणारे समाधान मिळवलेल्या वस्तूपेक्षा रोजच्या सहवासात आणि मन लावून केलेल्या कामात शोधणे अधिक शहाणपणाचे.