दिवसातून दोनदा ८० मिलिग्रॅम

डॉक्टरविरुद्ध साक्ष द्यायला दुसरा डॉक्टर सहसा पुढे येत नाही. वैद्यकीय हलगर्जीपणाचे बरेच दावे तिथेच अडतात. समोर मोठं रुग्णालय आणि नामवंत वकिलांची फळी असेल, तर एकट्या माणसाने लढायचं कशाच्या बळावर? अनुराधा साहा प्रकरण या प्रश्नासाठी मुळापासून वाचावं असं आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या अनुराधा १९९८च्या उन्हाळ्यात सुटीसाठी कोलकात्याला आल्या. अंगावर पुरळ उठलं आणि वाढत गेलं. ७ मे रोजी डॉक्टरांनी डेपो-मेड्रॉल या स्टेरॉइडची ८० मिलिग्रॅमची इंजेक्शनं दिवसातून दोनदा घ्यायला सांगितली. ११ मे रोजी त्या एएमआरआय रुग्णालयात दाखल झाल्या. आजार होता टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस. यात भाजल्यासारखी कातडी सुटत जाते. विमानाने त्यांना मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात आणलं. २८ मे रोजी तिथेच त्यांचा मृत्यू झाला.

त्यांचे पती कुणाल साहा स्वतः डॉक्टर. फौजदारी फिर्याद झाली आणि त्यांनी ग्राहक आयोगातही तक्रार नेली. हा दुसरा रस्ता सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या व्ही. पी. शांता निकालाने पक्का झाला होता. तरी २००६मध्ये राष्ट्रीय आयोगाने तक्रार फेटाळली.

पारडं फिरलं ते औषधाच्या मात्रेवर. हे इंजेक्शन शरीरात दीर्घकाळ काम करतं. दोन मात्रांमध्ये किमान आठवड्याचं अंतर हवं, असं उत्पादकाचंच सांगणं. चिठ्ठीवर मात्र दिवसातून दोनदा! इथे कुणाच्या हेतूवर संशय घ्यायची गरजच उरत नाही. लिहिलेला आकडा आणि छापलेली सूचना शेजारी ठेवली की पुरे. ७ ऑगस्ट २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची फौजदारी निर्दोषता कायम ठेवली, पण हलगर्जीपणा झाल्याचं मान्य केलं आणि भरपाई ठरवायला प्रकरण आयोगाकडे परत पाठवलं.

भरपाईची बाजू साहांनी स्वतः मांडली. पत्नीच्या संभाव्य कमाईबद्दल अमेरिकी अर्थतज्ज्ञाची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने नोंदवून घेतली. पतीने उपचारांत ढवळाढवळ केली, असं म्हणत आयोगाने रकमेत केलेली कपात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. २४ ऑक्टोबर २०१३ रोजी सुमारे ६ कोटी ८ लाख रुपये आणि त्यावर ६ टक्के व्याज मंजूर झालं.

या विजयाचं कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये. साहांना वैद्यकशास्त्र येत होतं, शिवाय पंधरा वर्षं लढण्याची ऐपत आणि चिकाटी होती. ज्यांच्याकडे हे नसतं, त्यांचं काय होतं? औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३मध्ये बाळंतपणानंतरच्या नसबंदी शस्त्रक्रियेत एका स्त्रीच्या पोटात टॉवेल राहिला. दुसऱ्या शस्त्रक्रियेत तो बाहेर काढला, पण ती वाचली नाही. ही चूक सिद्ध करायला कुठल्या तज्ज्ञाची गरज पडावी? तरीही खालच्या न्यायालयाने दिलेले ३६ हजार रुपये उच्च न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने ते कुटुंबाला पुन्हा मंजूर केले, तेव्हा १९९६ साल उजाडलं होतं.