न आलेल्यांची यादी

मधुमेहाच्या रुग्णाची संगणकीय आरोग्य नोंद म्हणजे केसपेपर टाइप करून ठेवणे नव्हे. हा आजार जन्मभर चालतो, बराच काळ दुखत-खुपत नाही आणि आतून मात्र डोळे, मूत्रपिंडे, पाय, हृदय सगळीकडे हात घालतो. त्यामुळे आज साखर किती, एवढ्यावर डॉक्टरचे भागत नाही. मागच्या खेपेला किती होती, गोळी कधी वाढवली, डोळ्यांचा पडदा शेवटचा कधी तपासला, हे समोर नसेल तर प्रत्येक भेट पहिलीच ठरते. कागदी केसपेपर बहुधा रुग्णाकडे असतो. तो घरी राहतो, भिजतो, आणि नवा काढला की मागचा इतिहास पुसला जातो.

मूत्रपिंडाचेच पाहा. रक्तातले क्रिएटिनिन एका वर्षी ०.९, पुढच्या वर्षी १.१, मग १.३. सुटा पाहिला तर यातला एकही आकडा फारसा दचकवणारा नाही. ओळीने मांडले की घसरण दिसते. वय आणि लिंग जोडून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, संगणक स्वतः काढू शकतो. ती ४५च्या खाली आली की मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीच्या डोसाचा फेरविचार करावा लागतो, ३०च्या खाली ती गोळी बंद करतात. गर्दीच्या ओपीडीत हा हिशेब तोंडी होत नाही.

संगणकाला मोजता यावे म्हणून नोंद ठरावीक संकेतांत लागते. एकाने ‘डीएम’, दुसऱ्याने ‘शुगर’ लिहिले तर गावात मधुमेही किती, याचे उत्तर निघत नाही. ब्रिटनमध्ये डॉ. जेम्स रीड यांनी १९८०च्या दशकात असे संकेत तयार केले आणि ते तिथल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत रुळले. २००४पासून ठरलेल्या तपासण्यांची नोंद आणि उद्दिष्टे यांवर दवाखान्यांना जादा पैसे मिळू लागले. नोंदी सुधारल्या, पण उद्दिष्टाच्या जेमतेम खाली थांबणारे रक्तदाबाचे आकडेही वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. आकड्यावर पैसा ठेवला की आकडा वाकतो, हे नोंदवहीच्या काळातही खरेच होते.

भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीने मधुमेहींची संख्या दहा कोटींवर असल्याचा अंदाज दिला. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी हा सरकारी कार्यक्रमाचा पाया आहे. आशाताई घरी जाऊन फॉर्म भरते: वय, कंबरेचा घेर, तंबाखू, व्यायाम, घरात कुणाला मधुमेह. या उत्तरांचे गुण चारच्या वर गेले की तपासणीत त्या व्यक्तीला प्राधान्य. साखर, रक्तदाब आणि उपचार यांची नोंद राष्ट्रीय एनसीडी (असंसर्गजन्य आजार) पोर्टलवर चढते. २०२१मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा अंकी ‘आभा’ नंबर वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या नोंदी रुग्णाच्या संमतीने जोडण्यासाठी आहे.

या सगळ्याचा खरा कस लागतो तो न आलेल्या रुग्णापाशी. उच्च रक्तदाबासाठी २०१७मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या उपक्रमात ‘सिम्पल’ नावाचे ॲप वापरात आले. रुग्णाच्या कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, मोजमाप आणि गोळ्या टिपायच्या, पुढची तारीख द्यायची. तारीख उलटून गेलेल्यांची यादी ॲप आपोआप काढते आणि परिचारिका तिथूनच फोन लावते. पुढे मधुमेहाच्या नोंदीही त्यात घेतल्या गेल्या. रजिस्टरमध्ये आलेल्यांची पाने भरतात; कोण आले नाही हे शोधायला सगळी पाने चाळावी लागतात, आणि तेवढी सवड कुणाला नसते.

अडचणी मात्र साध्यासुध्या आहेत. टॅबमध्ये भरलेलेच पुन्हा रजिस्टरमध्ये उतरवावे लागले तर नर्सचा जीव मेटाकुटीला येतो. रेंज नसते. यादीतला मोबाइल नंबर मुंबईला असलेल्या मुलाचा निघतो. ‘एचबीए१सी’ची, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीची, सोय जवळ नसेल तर तो रकाना रिकामाच राहतो, ॲपने तपासणीची आठवण दिली म्हणून प्रयोगशाळा उभी राहत नाही. त्यातून रुग्ण खासगी डॉक्टरकडे गेला, औषधाच्या दुकानातून थेट गोळ्या घेऊ लागला, की सरकारी नोंदीत तो ‘गळालेला’ दिसतो, भले त्याची साखर आटोक्यात असो.

सगळ्यात मोठी फट गरोदरपणातल्या मधुमेहाची. अशा स्त्रीला पुढे मधुमेह जडण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आणि पुढेही ठरावीक काळाने साखर तपासायची असते. पण तिची नोंद माता-बाल आरोग्याच्या पोर्टलवर, आणि मधुमेहाचे पोर्टल वेगळे. बाळंतीण चोवीस वर्षांची असेल तर तिशीची चाळणी तिच्यापर्यंत पोहोचायला सहा वर्षे जातात. दोन्ही नोंदी जोडल्या तर तिचे नाव बाळाच्या लसीकरणाच्या दिवशीच तपासणीच्या यादीत येऊ शकते.