देवीदर्शन आणि मुंबईचा मुक्काम

नवरात्र जवळ आले की मस्तगडातील आमच्या ओसरीवर एक प्रश्न हटकून येतो. घटासाठी माती कोठून आणावी, अखंड दीपाची वात कशी वळावी, हे प्रश्न पूर्वीही येत आणि आजही येतात. परंतु त्यांच्या जोडीला अलीकडे हा नवा प्रश्न येऊन बसला आहे. "बुवा, यंदा मुंबईस देवीदर्शनाला जावे म्हणतो. उतरावे कोठे? आणि त्या गर्दीत फिरावे कसे?" विचारणारे गृहस्थ बहुधा वृद्ध मातोश्री, पत्नी आणि मुले यांना घेऊन निघालेले असतात. कीर्तनाच्या निमित्ताने आमचे मुंबईस जाणे-येणे गेली चाळीस वर्षे घडत आले आहे, म्हणूनच हा प्रश्न आमच्यापर्यंत येतो. प्रत्येकास ओसरीवर बसवून जे सांगतो, तेच आज येथे एकत्र मांडीत आहोत.

आपल्या जालन्याच्या भाविकास यात्रा नवी नाही. अंबडची मत्स्योदरी आपल्या घरचीच. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर या वाटा तर वाडवडिलांनी मळून ठेवलेल्या आहेत. या क्षेत्रांत एस. टी. तून उतरले की मंदिर, उतरण्याची जागा आणि प्रसादाचे दुकान ही सारी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असतात. मुंबईचे तसे नाही. तेथे क्षेत्राभोवती नगर वसलेले नसून महानगराच्या पोटात देवस्थाने विसावलेली आहेत. मुंबादेवी एका टोकास, महालक्ष्मी समुद्राच्या काठी, प्रभादेवी आणखी उत्तरेस. म्हणून तेथे 'कसे जावे' आणि 'कोठे राहावे' हे दोन प्रश्न वेगळे राहत नाहीत. एकाचे उत्तर चुकले की दुसऱ्याचेही चुकते.

आपल्या भाषेतील 'प्रवास' या शब्दाकडे या निमित्ताने पाहण्यासारखे आहे. आज आपण त्याचा अर्थ 'एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे' असा करतो. परंतु संस्कृतात 'प्र' उपसर्ग आणि 'वस्' हा धातू मिळून हा शब्द सिद्ध होतो, आणि 'वस्' म्हणजे राहणे. घरापासून दूर जाऊन राहणे, हा प्रवासाचा मूळ अर्थ. जाण्याचा अर्थ 'यात्रा' या शब्दात आहे, कारण तो 'या' म्हणजे जाणे या धातूपासून झाला. 'तीर्थ' हा शब्द 'तॄ' म्हणजे तरून जाणे या धातूपासून आला; नदी ओलांडण्याचा उतार, असा त्याचा जुना अर्थ. तेव्हा यात्रेत जाणे येते, प्रवासात राहणे येते, आणि तीर्थात सुखरूप पार पडणे येते. मुंबईस निघणाऱ्याने या तिन्ही शब्दांचा विचार घरीच करून ठेवावा.

प्रथम गाडी

जालन्याहून मुंबई लोहमार्गाने सव्वाचारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. दिवसाच्या गाड्यांत जनशताब्दी आणि वंदे भारत यांची सोय आहे. वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई अशी सुरू झाली आणि २०२५ मध्ये तिचा मार्ग नांदेडपर्यंत वाढला. तथापि दर्शनास जाणाऱ्या कुटुंबास आम्ही देवगिरीसारखी रात्रीची गाडी सुचवितो. रात्र गाडीत सरते आणि सकाळी माणूस मुंबईत असतो.

येथे पहिली चूक घडते. दादर आले की सारे उतरू लागतात, म्हणून आपलेही लोक उतरतात. दादरला गाडी अल्पकाळच थांबते. हातात बोचकी, कडेवर मूल, आणि समोर कार्यालयास निघालेल्या लोकांची रीघ. ज्यांचा मुक्काम दादरला नाही, त्यांनी शांतपणे बसून राहावे आणि शेवटच्या स्थानकावर, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरावे. तेथून गाडी पुढे जात नाही, त्यामुळे उतरण्याची घाई नाही. याच परिसरातून, तेव्हाच्या बोरीबंदराहून, १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यास देशातील पहिली प्रवासी आगगाडी निघाली होती, हे मुलांना तेथेच उभे राहून सांगावे.

मुक्काम गर्दीच्या उलट दिशेस

मुंबईची गर्दी ही भरती-ओहोटीसारखी आहे. सकाळी साडेआठ ते अकरापर्यंत ती उपनगरांतून दक्षिणेकडे येते. सायंकाळी साडेपाच ते साडेआठपर्यंत ती उत्तरेकडे परतते. स्वस्त खोली मिळाली म्हणून जो भाविक दूर कल्याणास किंवा बोरिवलीस उतरतो, तो सकाळी या लोंढ्याबरोबर येतो आणि सायंकाळी त्याच लोंढ्याबरोबर जातो. खोलीत वाचलेले पैसे त्याच्या मातोश्रींच्या हालांत खर्च होतात.

म्हणून आमचे सांगणे असे की, मुक्काम दक्षिणेस करावा. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, सी. पी. टँक हा भाग जुना. तेथे मराठी आणि गुजराती वस्ती, मंदिरे, शाकाहारी भोजनालये, लहान लॉज आणि समाजांच्या धर्मशाळा आहेत. तेथून सकाळी उत्तरेस निघावे आणि सायंकाळी दक्षिणेस परतावे. आपला दिवस गर्दीच्या उलट दिशेने जातो आणि बसण्यास जागा मिळण्याचा संभव राहतो.

यात आता एक मोठी सोय झाली आहे. भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. साडेतेहेतीस किलोमीटरांच्या या मार्गावर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, काळबादेवी, गिरगाव, महालक्ष्मी, सिद्धिविनायक आणि दादर ही स्थानके एकाच ओळीत येतात. जणू देवस्थानांची माळच ओवली आहे. सरकते जिने आणि उद्वाहने असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्या वृद्धांना हा मार्ग लोकलपेक्षा सोयीचा पडतो.

मुंबादेवी काळबादेवी स्थानकापासून पायी जाण्याच्या टप्प्यात आहे. ही कोळी बांधवांची आद्य देवता; महानगरास नाव मिळाले ते हिच्यावरून. महालक्ष्मीच्या बाबतीत मात्र नावाने फसू नये. महालक्ष्मी स्थानक आणि महालक्ष्मी मंदिर यांत बरेच अंतर आहे. वृद्ध बरोबर असल्यास स्थानकाबाहेर बस किंवा टॅक्सी करावी. येथे महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती अशा तिघींचे दर्शन एकत्र घडते. पुढे सिद्धिविनायक स्थानकास उतरले की १९ नोव्हेंबर १८०१ रोजी प्रतिष्ठापना झालेल्या सिद्धिविनायकाचे दर्शन होते, आणि तेथून थोड्याच अंतरावर प्रभादेवी आहे. मुंबादेवी पहाटे, मग उत्तरेस सिद्धिविनायक आणि प्रभादेवी, परतताना महालक्ष्मी, असा क्रम ठेवल्यास उलटसुलट हेलपाटे पडत नाहीत. नवरात्रात महालक्ष्मीस रांग मोठी असते. तेथे एक प्रहर हाताशी ठेवूनच जावे.

बेस्टच्या बसचाही उपयोग करावा. १५ जुलै १९२६ रोजी मुंबईची पहिली बस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. तिचे किमान भाडे मे २०२५ पासून साध्या बसला दहा आणि वातानुकूलित बसला बारा रुपये झाले. अनोळखी शहरात जमिनीवरून, खिडकीतून पाहत जाणे वृद्धांस आणि मुलांस मानवते.

लोकलने जाण्याचा प्रसंग आल्यास चार नियम पाळावेत. महालक्ष्मी व प्रभादेवी या स्थानकांवर जलद गाड्या थांबत नाहीत. धीमी गाडी पाहूनच चढावे. साधे तिकीट घेऊन पहिल्या वर्गाच्या डब्यात शिरू नये. स्त्रिया महिलांच्या डब्यात आणि पुरुष अन्य डब्यात बसणार असतील, तर उतरण्याचे स्थानक आधी सर्वांकडून वदवून घ्यावे. आणि एखादे माणूस मागे राहिलेच, तर पुढे गेलेल्यांनी पुढच्याच स्थानकावर उतरून थांबावे, मागे राहिलेल्याने त्यानंतरच्या गाडीने तेथे यावे. हा शेवटचा नियम मुलांकडून घरीच पाठ करून घ्यावा.

रविवारी रेल्वेमार्गाच्या दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा विलंबाने असतात, हेही ध्यानात असू द्यावे.

पुलावरची घाई

२९ सप्टेंबर २०१७, खंडेनवमीची सकाळ. पाऊस कोसळत होता. परळ आणि तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड ही स्थानके जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर माणसे दाटली आणि चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. दुसऱ्या दिवशी दसरा होता. कित्येकांच्या हातात तोरणाची फुले असतील. पुढल्या वर्षी, २०१८ मध्ये, त्या स्थानकास प्रभादेवीचे नाव मिळाले. तेथे उतरणाऱ्या प्रत्येक भाविकाने क्षणभर त्या जिवांचे स्मरण करावे आणि एक गोष्ट मनाशी बांधावी: पूल किंवा जिना भरलेला दिसला की मागे थांबावे. एक गाडी गेली तर दुसरी येते. देवी दर्शन देण्यास घड्याळ लावून बसलेली नाही.

ज्या खोलीवर आपला हक्क नाही

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना आम्हांस आजही संकोच वाटतो. परंतु त्यावाचून हा लेख खरा होणार नाही.

१९९६ च्या नवरात्रात आम्ही मातोश्री आणि सौभाग्यवती यांना घेऊन मुंबईस गेलो. एका परिचिताने शब्द टाकला आणि एका मोठ्या रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत आम्हांस अल्प देणगीवर खोली मिळाली. ती धर्मशाळा रुग्ण आणि त्यांचे आप्त यांच्यासाठी आहे, हे आम्हांस ठाऊक होते. दोन रात्रींचाच प्रश्न, आणि कार्य तर देवाचे, अशी मनाची समजूत आम्ही घातली. विद्वानास अशी समजूत घालणे फार सोपे जाते.

पहाटे स्नान करून, स्तोत्र म्हणत आम्ही जिना उतरलो. शेवटच्या पायऱ्यांवर एक शेतकरी जोडपे भिंतीला टेकून बसले होते. स्त्रीच्या मांडीवर चार-पाच वर्षांचे मूल, डोक्यावर केस नाहीत. बोलीवरून माणसे आपल्याच भागातली वाटली. विचारता कळले, अंबडकडची. तीन रात्री ते पायरीवर होते. नाव यादीत लिहिले होते, खोली रिकामी होण्याची वाट पाहत होते. आमचा टिळा आणि उपरणे पाहून त्या माउलीने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "महाराज, देवीकडं चाललात नं? माझ्या लेकराचं तेवढं सांगा."

ती ज्या खोलीची वाट पाहत होती, तीत आमची वळकटी पसरलेली होती.

आम्ही तसेच वर गेलो. मातोश्रींना सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त आपली पिशवी भरावयास घेतली. तासाभरात खोली त्या जोडप्याच्या हाती गेली आणि आम्ही गिरगावात एका साध्या लॉजमध्ये गेलो. त्या दिवशी महालक्ष्मीपुढे आम्ही स्वतःसाठी काही मागितले नाही. मागण्यास तोंड नव्हते. त्या लेकराचे तेवढे सांगितले. पुढे त्याचे काय झाले, ते आम्हांस कळले नाही.

परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करुग्णांची सेवा करीत आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून तेथे येणाऱ्यांपुढे औषधाइतकाच बिकट प्रश्न असतो तो डोके टेकण्याचा. हे दुःख ज्या पुरुषाने ओळखले, तो आम्हां कीर्तनकारांच्याच परंपरेतला: संत गाडगे महाराज. आयुष्यभर हाती झाडू घेऊन त्यांनी गावे झाडली, कीर्तनांतून माणसे जागी केली, पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. स्वतःसाठी मात्र घर बांधले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला. दादर येथे त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही कर्करुग्णांस आणि त्यांच्या आप्तांस आसरा देत आहे. अशा ठिकाणी यात्रेकरूने खोली मागू नये. ओळख असली तरी मागू नये, रिकामी दिसली तरी मागू नये. उलट परतीच्या वाटेवर तेथे यथाशक्ति काही अर्पण करून यावे.

मग उतरावे कोठे? खोली निघण्यापूर्वीच ठरवावी, कारण नवरात्रात ऐनवेळी जागा मिळत नाही. दूरध्वनीवरून चार गोष्टी विचाराव्यात: स्थानक पायी किती मिनिटांवर, खोली कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे काय, पहाटे स्नानास पाणी मिळेल काय, आणि दिवस चोवीस तासांचा धरतात की ठरलेल्या वेळी खोली सोडावी लागते. सर्वांची ओळखपत्रे बरोबर असावीत. पैसे देण्यापूर्वी खोली डोळ्यांनी पाहावी, आणि डिपॉझिट दिल्यास पावती घ्यावी. समाजाच्या धर्मशाळेत उतरल्यास तेथील नियम विचारून घ्यावेत आणि निघताना खोली झाडून निघावे. खोली मिळण्यापूर्वी सामान ठेवण्यास टर्मिनसवर सामानघर आहे. लॉजचा पत्ता आणि घरचा दूरध्वनी क्रमांक चिठ्ठीवर लिहून वृद्धांच्या कनवटीस आणि मुलांच्या खिशात ठेवावा. मोबाईल हरवतो, बंद पडतो; चिठ्ठी बंद पडत नाही.

इतके करूनही ज्यांचे जाणे जमणार नाही, त्यांनी खंत करू नये. आपल्या देव्हाऱ्यात बसलेला घट आणि मुंबईच्या सागरतीरीची माता यांत भेद नाही. जे जातील त्यांनी मात्र आठवण ठेवावी की, ओटीतला नारळ जसा आपण निवडून घेतो, तसा मुक्कामही निवडून घ्यावा: वाटेस सोयीचा, खिशास झेपणारा, आणि दुसऱ्या कोणाच्या गरजेचा नसलेला.

आई जगदंबा सर्वांस सुखरूप नेवो आणि सुखरूप घरी आणो.