सकाळचे दोन तास

पहाटे ५. चहा उकळेपर्यंत पिशवी भरून होते. शी उचलायच्या पिशव्या, पाण्याची बाटली, जादा पट्टा, गोचीड काढायचा चिमटा, आणि किल्ल्यांचा जुडगा. किल्लीवर आडनाव किंवा फ्लॅट नंबर लिहीत नाही, फक्त प्राण्याचं नाव लिहिते. उद्या जुडगा हरवलाच, तर सापडणाऱ्याला 'शेरा' कुठे राहतो ते कळायला नको.

५.३०. शेरा, जर्मन शेफर्ड. कोथरूडच्या आतल्या गल्ल्यांतून पाऊण तास. टेकडीवर नेलं तरी पट्टा सोडत नाही. तिथे मोर आहेत, आणि मोरामागे धावलेला शेफर्ड हाक मारून परत येत नाही.

६.३०. लाडू, पग. मे महिन्यात याची वेळ पुढे ढकलता येत नाही. कुत्र्याला घाम येतो तो पंजाच्या गाद्यांना, तोही नावाला. अंग थंड करायचं तर धापा टाकणं हाच त्याचा मुख्य मार्ग. चपट्या नाकाच्या पगला तेही धड जमत नाही. वीस मिनिटं सावलीतून आणि घरी. शंका आली की हाताची पालथी बाजू डांबरावर टेकवून बघायची. दहा अंक मोजेपर्यंत ठेववत नसेल, तर त्या रस्त्यावर कुत्र्यालाही चालवायचं नाही.

धंद्याची खरी मेख इथेच आहे. सगळ्यांनाच सकाळी सहा ते आठ हवं असतं. त्या दोन तासांत एका माणसाकडून तीन कुत्री नीट फिरतात, फार तर चार. 'दिवसाचे आठ तास, तासाला एक कुत्रा' असा हिशोब मांडून नोकरी सोडू पाहणारे मला अधूनमधून भेटतात. दुपारी दोन वाजता कुत्रं कोण फिरवून घेणार, हे त्यांनी कुणाला विचारलेलं नसतं. चार अनोळखी कुत्री एकत्र बांधून नेणं हा त्यावरचा उपाय नव्हे. गल्लीतल्या टोळीने घेरलं की दोन हातांत चार पट्टे सांभाळता येत नाहीत.

७.१५. काळी, गावठी, फार हुशार. तिच्या वाटेवर एका चौकात भटक्यांचा पहारा असतो. बहुतेकांच्या कानाला नसबंदीची खाच आहे, म्हणजे जुनी, स्थिरावलेली मंडळी. पट्टा आखडता घ्यायचा, काळी आणि त्यांच्यामध्ये आपण यायचं, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, पळायचं तर मुळीच नाही. बिस्किटं टाकून दोस्ती करण्याच्या मी विरोधात आहे. दुसऱ्या दिवशी ती मंडळी फाटकापर्यंत सोडायला येतात.

घरी आणून पाय पुसताना मी बोटांच्या बेचक्या उघडून बघते. आज पुढच्या डाव्या पंजात मसुराएवढी गोचीड, करडी, फुगलेली. चिमटा अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढली. पिरगळली तर तोंड आत राहू शकतं. काळीच्या मालकीणकाकूंना फोटो पाठवला.

"अगं बाई! ताप तर नाही ना येणार तिला?"

"खातेय-पितेय ना नीट? आठवडा-दोन आठवडे लक्ष ठेवा. मलूल वाटली तर लगेच डॉक्टरांकडे, रक्त तपासून घ्या."

"आणि शी?"

"एकदा. घट्ट."

असा निरोप रोज प्रत्येक घरी जातो. लोकांना वाटतं आपण चालवण्याचे पैसे देतो. मला विचाराल तर ते बघण्याचे पैसे असतात.

८.३०. परतताना शेराच्या सोसायटीच्या फाटकावर नवे वॉचमनकाका: "ताई, उद्यापासून कुत्रं लिफ्टमधून नाही न्यायचं." प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारू नका म्हणतात. पण हा वाद मालकांनी कमिटीशी घालायचा. मी जिन्याने जाते आणि मालकांना कळवते.

१०. कागद. माणसं मोजकीच असली, तर २०१७ च्या दुकाने कायद्याप्रमाणे नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना पुरते. त्यापेक्षा महत्त्वाचा माझा स्वतःचा फॉर्म: रेबीज लसीची तारीख, डॉक्टरांचा नंबर, आधी कुणाला चावलंय का, आणि मालक बाहेरगावी असताना उपचारावर किती खर्च करायचा याची लेखी परवानगी. लसीचं कार्ड दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याला नाही म्हणते. चावण्याआधी घ्यायची लस मीही घेतली आहे. तरी दात लागलाच, तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना.

१२. मांजरं. सुट्टीत अर्धं कोथरूड कोकणात असतं, त्यामुळे दुपार यांची. मन्या नावाचा बोका दिवाणाखालून फक्त डोळे दाखवतो. त्याला ओढून काढायचं नसतं. वाटी आणि वाळूचा ट्रे बघितला की पुरे. वाळू कोरडी असेल, किंवा बोका पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल, तर लघवी तुंबलेली असू शकते. बोक्याच्या बाबतीत तिथे संध्याकाळपर्यंतही थांबायचं नसतं. मन्याची वाळू ओली होती, वाटी चाटूनपुसून साफ.

२ ते ४. झोप.

६.३०. रस्ते निवल्यावर पुन्हा शेरा, मग काळी. लाडू गच्चीवरच.

९. मुक्काम बाळूकडे. लॅब्रॅडॉर, खादाड. पलंगाखाली आंब्याची पेटी आढळली, ती आधी माळ्यावर टाकली. गराची फोड चालते, पण गिळलेली कोय आतड्यात अडकली तर पोट फाडावं लागतं. मुक्कामाच्या एका रात्रीचे मी जवळजवळ आठवडाभराच्या फिरवण्याएवढे पैसे घेते. माझं घर या रात्रींवर आणि दुपारच्या मांजरांवर चालतं.

हा धंदा काढणार असाल तर पहिली तीन घरं एकाच रस्त्यावरची घ्या. बाणेरहून फोन आला, पैसे दुप्पट देतो म्हणाले, तरी नाही म्हणा. जाण्या-येण्यातच सकाळ संपते.